पाचवी म्हणजे पाचवीच

...आन् मी म्हणते, एवढा सगळा थाट केला देवानं! डोंगर धुरानं भरला, ढग आणले, शिंगं वाजवली, खालची माणसं लटलटा कापायला लागली, मंग दोन दगडाच्या पाट्या घेऊन स्वतःच्या बोटानं दहा आज्ञा कोरल्या, आन् एवढं करून बाजूला एक, दोन, तीन आसे आकडे टाकायला काय झालं होतं? बोट दुखून राह्यलं होतं का? आमच्या मंठ्याच्या शाळेतला मास्तर, ज्याला धड जांभई आवरत न्हाई, तोसुद्धा फळ्यावर प्रश्न लिहिताना आधी आकडा टाकतो! देवानं टाकले न्हाईत. मंग आकडे टाकले कोणी? तुम्ही सांगा ना, टाकले कोणी? कारण ज्यानं टाकले त्याला मला एकदा भेटायचंय. भेटला की हाताला धरून आमच्या कब्रस्तानात नेणार, मालकांच्या दगडापुढं उभा करणार, आन् म्हणणार, वाच हे, आन् आता मला माझा लेक परत आणून दे!

थांबा, मी उलट्या टोकाकडून सांगून राह्यले. सरळ सांगते.

मी साळूबाई शांतवन साळवे. ख्रिस्ती. प्रोटेस्टंट. शाळेत एक दिवस गेले न्हाई, पण गिरजाघरात मागच्या रांगेत बसून, पाळकसाहेब पुढं वाचायचे तसं बायबलावर बोट सरकवत सरकवत वाचायला शिकले. माझी अक्षरं फळ्यावरची न्हाईत, देवाच्या घरची हायत, तेव्हा मला कोणी अडाणी म्हणू नये. एकदा एका नर्सबाईनं म्हणलं होतं. तिनं परत म्हणलं न्हाई.

तर आमच्या घरात आज्ञा आकड्यानं चालायच्या. मला पोरावर लांबलचक ओरडायला सवड कुठं होती? चूल, शेळ्या, दिवसभर कापूस वेचणं... अनुग्रह, म्हणजे माझा लेक, एकुलता एक, गुळाच्या डब्यात हात घालून राह्यला की मी चुलीपासून नुसतं म्हणायचे, ‘‘आठवी!’’ चोरी करू नको. हात बाहेर! ‘‘आई, मी शाळंत गेल्तो’’ म्हणायचा आन् पायाला नदीचा गाळ, ‘‘नववी!’’ खोटी साक्ष देऊ नको. मालक एसटीत ड्रायव्हर होते, घरी आले की रस्त्यावरच्या खड्ड्यांना देवाचं नाव जोडून शिव्या द्यायचे, की मी ‘‘तिसरी!’’ आन् ते बिचारे, ‘‘बरं बाई, बरं बाई.’’ शेजारच्या कांताबाईला पहिल्यांदा वाटलं होतं मी कोंबड्या मोजून राह्यले! पण तुम्हाला सांगते, त्या आकड्यांवर मी एक लेकरू सरळ वाढवलं. न मारता. आन् पाचवी... पाचवी मी सहसा काढायचेच न्हाई. आईबापाचा मान राख, ती पाचवी. ती घरातली तोफ. पाचवी म्हणलं की अनुग्रह जागच्या जागी उभा राहायचा आन् डोळ्यात पाणी आणायचा.

मंग त्यानं लग्न केलं. शीतलशी. पोरगी जाफराबादकडची, चांगली शिकलेली, रंगानं उजळ, हाताला चव... पण कॅथलिक. मी म्हणलं आसू दे. येशू एकच, बायबल एकच, आज्ञा दहाच. फरक काय, त्यांच्यात मेणबत्त्या जास्त. मेणबत्तीवरून काय भांडायचं?

पण भांडणं व्हायला लागली हो! आन् आशी भांडणं की डोकं धरावं. दूध उतू गेलं. शीतल म्हणली, ‘‘मांजरानं सांडलं.’’ मांजर माझ्या मांडीवर. मी सवयीनं म्हणलं, ‘‘नववी!’’ तर ती पोरगी लालबुंद, हातातलं फडकं फेकून, ‘‘आई, मी तसली बाई न्हाई!’’ मी म्हणते दुधाचा आन् तसल्या बाईचा संबंध काय? दुसऱ्या खेपेला माहेरी जाताना लोणच्याची आख्खी बरणी न विचारता पिशवीत घातली. मी म्हणलं, ‘‘आठवी!’’ तर म्हणती, ‘‘मी कुठं खोटं बोलले? तुमच्या समोर तर ठेवली पिशवीत!’’ मी म्हणलं, आगं खोट्याचं कोण बोलून राह्यलं? ती म्हणली, ‘‘तुम्हीच!’’ मी मालकांना म्हणलं, पोरीच्या डोक्यात काहीतरी कमी हाय. मालक म्हणले, ‘‘तिसरी-चवथी काही न्हाई ना? मंग झोप.’’ ते आसेच. स्टेअरिंग सोडून कशालाच घट्ट धरलं न्हाई त्या माणसानं.

आन् मंग मालक आजारी पडले.

हे मी पटापटा सांगते, कारण हळू सांगितलं तर मला जमत न्हाई. फुप्फुस गेलं. जालन्याला दवाखान्यात नेलं, नळ्या घातल्या, डॉक्टर म्हणले ठेवा, बघू. मी म्हणलं ठेवा. मी तर म्हणलं वर्षभर ठेवा, मी बाहेर ओट्यावर झोपते! आन् एक दिवस मी खाली चहा आणायला काय गेले, वर येऊन बघते तर अनुग्रहनं सही करून दिली, घरी नेतो म्हणून. मला विचारलं न्हाई. सख्ख्या बायकोला! घरी आणलं. मालक खाटेवर, खिडकीतून एसटी स्टँडचा भोंगा ऐकू आला की नुसते हसायचे. चार दिवस बरे गेले. आन् मंग अनुग्रह म्हणला, ‘‘आई, सीझन हाय, दोन दिवस जाऊन येतो.’’ नवीन जालन्यात बियाणाच्या कंपनीत हाय तो, जूनमध्ये त्यांना मरायला टाईम न्हाई. मी म्हणलं, ‘‘बाप आसा पडलाय आन् तू जाऊन राह्यला?’’ खाली मान घालून गेला. आन् त्याच दोन दिवसांत... झालं. मी एकटी. कांताबाईनं डोळे मिटले मालकांचे, माझ्या हातानं मिटंनात.

लेक आला तेव्हा पेटी बंद करायची राह्यली होती तेवढी.

मी काही बोलले न्हाई. लोकांना वाटलं म्हातारी मोठ्या मनाची. काही मोठं न्हाई माझं मन! मी मनात वर्षभर ते भिजत घातलं. आन् वर्ष भरायच्या आधी कडूबाकडं गेले. कडूबा पाथरवट, आमच्याकडचे पाटे, वरवंटे, मारुती, म्हसोबा, सगळे त्याच्या छिन्नीखालचे. त्याला म्हणलं, काळा दगड घे, वर नाव लिही शांतवन साळवे, खाली लिही एसटी ड्रायव्हर, आन् त्याच्या खाली, मोठं, खोल, लांबून दिसंल आसं लिही... पाचवी आठवा.

कडूबा म्हणला, ‘‘मावशी, पाचवी तर लेकराची आसती. पाचव्या दिवसाची. मयताच्या दगडावर पाचवी?’’

म्हणलं, ‘‘तू मारुती करतो तेव्हा मी म्हणते का शेपटी कुठं वळव म्हणून? लिही.’’

‘‘कोणाला कळंल पण?’’

‘‘ज्याला कळायचं त्याला कळंल.’’

तुम्हाला सांगते, ते अक्षर न् अक्षर मी समोर बसून कोरून घेतलं. छिन्नीचा एक एक ठोका मला आसा गार वाटून राह्यला होता, जशी मीच ओरडून राह्यले, पाचवी! पाचवी! पाचवी! आन् समोर तो लहानपणीचा अनुग्रह.

वर्षाच्या प्रार्थनेला सगळे आले. पाळकसाहेब, पाळकीणबाई, मंडळी, आमच्याशेजारची कांताबाईसुद्धा पांढरं लुगडं नेसून आली. आमच्याकडं कब्रस्तान एकच, प्रोटेस्टंट आन् कॅथलिक सगळे एका कंपाउंडात, मेल्यावर कोण वेगळी भिंत घालतो? दगडावरची चादर मी स्वतः काढली. अनुग्रहनं वाचलं. त्याचा चेहरा... तुम्ही कधी बैठकीतला दिवा गेलेला बघितलाय? भोवती सगळं तसंच, माणसं तशीच, नुसता उजेड गेलेला. तसा. मी म्हणलं, कळलं! बराबर कळलं!

तेवढ्यात शीतल. तिनं वाचलं, बोटावर मोजलं, माझ्यासमोर मोजलं हो, एक, दोन, तीन, चार, पाच, आन् किंचाळली, ‘‘खुनी म्हणता आम्हाला? दगडावर कोरून? सही केली म्हणून खुनी?’’

आता मला काय माहीत? मला वाटलं हिच्याच मनात खोट हाय, सहीची, म्हणून ही एवढ्याशा मानाचा खून करून राह्यली! आन् सगळी मंडळी बघून राह्यली, पाळकीणबाईचा पदर तोंडाला, माझी काय जीभ नरम पडणार हाय का आशा वेळी? मी म्हणलं, ‘‘जे लिहिलं ते देवानं लिहिलंय, मी आपलं पोचवलं! पाचवी म्हणजे पाचवीच!’’

झालं. तिनं नवऱ्याचा हात धरला, गाडीवर बसली, गेली. अनुग्रहनं मागं वळून बघितलं न्हाई. प्रार्थनेनंतरचा चिवडा तसाच पातेल्यात राह्यला. कांताबाईनं नेला निम्मा.

मंग काय... मंग काही न्हाई. तेच तर. नाताळ आला, लेक आला न्हाई. ईस्टर आला, न्हाई. फोन केला की उचलतो, ‘‘हं. हं. गोळ्या घेतल्या का. हं.’’ सव्वा तासाचा रस्ता हो मंठा ते जालना! जीपवाले तासाभरात नेतात, देवाचा धावा करायला लावून! आन् मी दुपारी ओट्यावर बसून प्रत्येक थांबणाऱ्या जीपकडं बघते आन् उतरणाऱ्या माणसाला मनातून शिव्या देते, तू का उतरला रं, तुला कोणी बोलावलं होतं?

शेवटी कांताबाई म्हणली, ‘‘बाई, तुमच्या सुनेच्या धर्मातल्या त्या फादरलाच जाऊन गाऱ्हाणं सांगा की. त्यांचं ऐकतील.’’ मला पटलं. एसटीत बसले, आमच्या मालकांच्याच रूटवर, नवीन जालन्याला उतरले, रिक्षा केली. रिक्षा अनुग्रहच्या गल्लीच्या तोंडावरून गेली. वाळत घातलेली निळी चादर दिसली, मीच दिलेली. रिक्षावाल्याला थांब म्हणायला तोंड उघडलं आन् मिटलं. मी का जाऊ? मान मला द्यायचा हाय का मी द्यायचा हाय?

फादर तरणा पोरगा, वसईकडचा, गोड बोलणारा, खुर्ची पुढं केली. मी सगळं सांगितलं. म्हणलं, तुमचं हे मेंढरू दगडावर आईबापाचा मान वाचतं आन् खुनी खुनी म्हणून कब्रस्तान डोक्यावर घेतं, ही काय शिकवण? फादरनं ऐकलं. मंग चष्मा काढला. मंग पुसला. मंग म्हणला, ‘‘आजी... आमच्यात पाचवी म्हणजे ‘खून करू नको’ ही आहे.’’

मी म्हणलं, ‘‘काय?’’

‘‘आईवडिलांच्या मानाची आमची चौथी.’’

तुम्हाला सांगते, खुर्ची फिरली. मी म्हणलं, ‘‘आन् आठवी?’’ म्हणला, ‘‘खोटी साक्ष.’’ ‘‘आन् नववी?’’ फादर लाजला हो! म्हणला, ‘‘शेजाऱ्याच्या... बायकोची अभिलाषा धरू नको.’’

म्हणजे ती दूध सांडलेली पोरगी! सकाळी सकाळी, हातात फडकं, आन् सासू तिला म्हणून राह्यली, शेजाऱ्याच्या बायकोवर नजर ठेवू नको! ती म्हणणार न्हाई तर काय, मी तसली बाई न्हाई म्हणून! लोणच्याची बरणी! खोटं कुठं बोलले म्हणली होती! एवढ्या वर्षांची एकूण एक भांडणं, रेल्वेचा डबा रुळावरून एकच घसरावा आन् मागचे सगळे आडवे व्हावेत, तशी माझ्या डोळ्यापुढं आडवी झाली. आन् हसावं का रडावं? फादर हसला. मी न्हाई हसले. कारण मला तो दगड दिसून राह्यला होता. मोठं, खोल, लांबून दिसंल आसं. मी माझ्या नवऱ्याच्या कबरीवर सुनेला खुनी लिहून ठेवलं होतं!

मंग आकडे टाकले कोणी?

तशीच परत आले, घरीसुद्धा गेले न्हाई, सरळ पाळकसाहेबांच्या दारात. म्हणलं, ‘‘पाळकसाहेब, आज्ञा किती?’’ म्हणले, ‘‘दहा.’’ ‘‘मोजा.’’ त्यांनी मोजल्या. पाचवी मान. म्हणलं, ‘‘फादर म्हणतो चौथी.’’ तर ते शांतपणे, जसं काही मी पावसाचंच विचारलं, ‘‘हो, साळूबाई, त्यांची मोजणी वेगळी आहे. बायबलात फक्त दहा वचनं असा शब्द आहे, आकडे नंतरच्या लोकांनी घातले. आपण ‘दुसरे देव नकोत’ ही पहिली धरतो आणि ‘मूर्ती करू नको’ ही दुसरी. ते या दोन्हींची एकच धरतात. मग एक कमी पडते, म्हणून शेवटच्या लालसेच्या आज्ञेच्या दोन करतात. शेजाऱ्याची बायको वेगळी, आणि त्याचा बैल, गाढव, घरदार वेगळं.’’

तुम्हाला कळलं का? मला पटकन कळलं. भाऊ-वाटणी! एकानं वरचा बांध मोडून दोन वावरांचं एक केलं, आन् खालच्या वावरात मधून नवा बांध घातला. एकूण जमीन दोघांची बराबर! आन् मधली सगळी वावरं एकेक नंबरानं सरकली! आन् आमच्या मालकांचा दगड बराबर त्या सरकलेल्या बांधावर!

‘‘आणि यहुदी लोक तर,’’ पाळकसाहेबांना गोडी लागली, ‘‘ते ‘मी तुझा देव परमेश्वर आहे’ हीच पहिली धरतात.’’ म्हणलं, म्हणजे पहिला नंबर नुसता ओळख करून देण्यात गेला? म्हणले, ‘‘एका अर्थी. पण त्यांची पाचवी आपल्यासारखीच येते हं. आणि लूथरची मंडळी, जी पोपपासून फुटली, ती मात्र पोपसारखंच मोजते.’’ म्हणलं, मंग ते फुटले कशाला, आन् आम्ही कोणाच्या मागं गेलो, आन् मला हे लग्नाच्या आधी का न्हाई सांगितलं? तुम्ही लग्नाला आले होते! दोन वेळा जिलबी घेतली होती! म्हणले, ‘‘तुम्ही विचारलं नाही, साळूबाई.’’

मी घरी जाऊन स्वतः मोजायला बसले. कोणाच्यावर भरोसा ठेवायचा न्हाई म्हणलं. बायबल उघडलं, जिथं जिथं ‘नको’ आलं तिथं एक बोट. बोटं संपली. पायाची घेतली. माझ्या हिशोबानं दहा होतच न्हाईत! जास्त होतात! आन् कोणती कुठं तोडायची, कोणती कुठं जोडायची, त्याचं देवानं काहीच सांगितलं न्हाई. तेवढ्यात कांताबाई दारात, पाय मोजताना बघून म्हणली, ‘‘मुंग्या आल्या का?’’ तिला सगळं सांगितलं. तर ती पाट ओढून बसली आन् म्हणली, ‘‘आमचं बौद्धांचं बरं हाय बाई. पाच शीलं. पहिलं, जीव मारू नको. दुसरं, चोरी नको. पाचवं म्हणजे दारू नको.’’ आन् मंग थांबली. मंग हळूच, ‘‘खरं सांगू का साळूबाई, मी तो दगड वाचला तेव्हा मला वाटलं... शांतवनभाऊ चोरून पीत होते की काय.’’

आता बोला! ज्या माणसानं चहाशिवाय कशाला तोंड लावलं न्हाई, त्याला मी खुनी पोराचा बाप केलं आन् वरून दारुडा! एका आकड्यानं! मंग आकडे टाकले कोणी?

पण मी बसणारी बाई न्हाई. कडूबाकडं गेले. म्हणलं, घासून काढ पाचवी, आन् लिही चौथी. सुनेला कळंल आशा भाषेत. आपण वाकलो तर काय मरत न्हाई. कडूबा म्हणला, ‘‘नापास झाली का मावशी?’’ म्हणलं, तोंड सांभाळ. घासली त्यानं. कोरली. चौथी आठवा. मी तिथंच उभं राहून मनात म्हणलं, आता येतील.

त्याच रविवारी गिरजाघरातून सगळी मंडळी कब्रस्तानात फुलं ठेवायला गेली आन् पाळकीणबाईनं दगड वाचला. आन् आमच्या मंडळीत चौथी म्हणजे काय? सांगा! शब्बाथ! विसाव्याचा दिवस पाळ! आन् आमचे मालक एसटीचे ड्रायव्हर, जन्मभर रविवारची ड्युटी, गिरजाघरात वर्षातून चारदा! पाळकीणबाई माझ्याजवळ येऊन, डोळ्यात पाणी आणून, खांद्यावर हात ठेवून म्हणती, ‘‘साळूबाई, एवढा राग बरा नव्हे. मेलेल्या माणसाला रविवारवरून टोमणा मारायचा? माफ करा आता त्यांना.’’

तिचा हात खांद्यावरून काढला आन् तिथूनच निघाले.

परत कडूबा. म्हणलं, आकडा नकोच, सगळे शब्द लिही, आईबापाचा मान राख, सुटसुटीत. कडूबानं दगडावर हात फिरवला आन् मान हलवली. ‘‘मावशी, एकदा घासून, दोनदा कोरून इथं खळगा झाला. अजून छिन्नी लावली तर दगड फुटंल. आन् खरं सांगू का, दगडावर एवढी चर्चा मी मारुतीचीसुद्धा झालेली बघितली न्हाई.’’

मंग मात्र मी हरले. आन् हरले म्हणून फोन केला. दुपारची वेळ, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत. ह्या खेपेला गोळ्यांचं बोलू दिलं न्हाई. म्हणलं, ‘‘अनुग्रह, ऐक. चूक माझी न्हाई, तुझी न्हाई, शीतलचीसुद्धा न्हाई. चूक आकड्याची हाय.’’ आन् सगळं सांगितलं. वरचा बांध, खालचा बांध, फादर, पाळक, यहुदी. म्हणलं, ‘‘तुझ्या बायकोला सांग, मी खुनी म्हणलंच न्हाई. मी फक्त मान म्हणलं होतं. आपल्यात पाचवी म्हणजे मान. आता झालं ना? मंग या.’’

तिकडं जेवणाच्या डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

मंग म्हणला, ‘‘आई, मला माहीत होतं.’’

‘‘काय माहीत होतं?’’

‘‘पाचवी म्हणजे काय ते. तूच शिकवली ना. मी शीतलला त्याच दिवशी सांगितलं, गाडीवर, गाव सोडायच्या आधी. ती म्हणली, आसं होय, मंग परत फिरवा, आईंची माफी मागते. मी म्हणलं, नको.’’

‘‘का रं?’’

‘‘खुनी लिहिलं आसतंस तर काही वाटलं नसतं. ते खोटं हाय, मला माहीत हाय. पण तू लिहिलंस मी बाबांचा मान राखला न्हाई.’’

मी म्हणलं, ‘‘मंग राखला का?’’ तोंडातून गेलं. मी आशीच. काय करू?

तर तो म्हणला, आन् आवाज आसा, जसा लहानपणी यायचा, ‘‘आई, सही बाबांनी करायला लावली. तू चहा आणायला गेल्ती तेव्हा. म्हणले, ती आली की सोडणार न्हाई, जल्दी कर, मला स्टँडजवळ मरायचंय, इथं फिनेलच्या वासात न्हाई. आन् जालन्याला जायलासुद्धा बाबांनीच सांगितलं. म्हणले, सीझन हाय, जा, नोकरी घालवू नको, तुझ्या आईला सांगू नको मी सांगितलं म्हणून, ती मला झोपू देणार न्हाई. दोन्ही वेळा मी बाबांचंच ऐकलं. मी पाचवीच पाळली, आई. आन् तू तीच दगडावर कोरून माझ्या तोंडावर मारली.’’

आख्खं आयुष्य ज्या बाईनं एका आकड्यात घर गप केलं, तिच्याजवळ त्या वेळेला आकडा नव्हता. दहाच्या दहा शोधल्या. एकही लागू पडत न्हाई.

मी म्हणलं, ‘‘मंग येतो का?’’

म्हणला, ‘‘येईन. कधीतरी.’’ आन् मंग, ‘‘गोळ्या घेतल्या का?’’

तेव्हापासून संध्याकाळी मी कब्रस्तानात जाऊन बसते. लोकांना वाटतं म्हातारी प्रार्थना करून राह्यली. कसली प्रार्थना! मी भांडून राह्यले. मालकांशी. म्हणते, सांगू नको म्हणला पोराला, हं? ती मला झोपू देणार न्हाई म्हणला, हं? झोपा आता! आन् ते काही बोलत न्हाईत, जिवंतपणी तरी कुठं बोलायचे. आन् मंग मी देवाकडं वळते. म्हणते, बापाचा मान आन् आईचा मान, एकाच आज्ञेत कोंबली दोन माणसं! बापाचं ऐकलं की आईचं मोडतं, आईचं ऐकलं की बाप नळ्यांत मरतो, पोरानं करावं काय? शेजाऱ्याची बायको आन् शेजाऱ्याचा बैल, ह्यांच्या दोन आज्ञा करायला लोकांना सवड मिळाली. तोडायचीच होती एखादी, तर ही तोडायची होती की हो! ही कोणीच तोडली न्हाई. फादरनं न्हाई, पाळकानं न्हाई, यहुद्यांनी न्हाई. सगळ्यांचं भांडण सगळ्या आकड्यांवर, आन् नवरा-बायकोला एका आकड्यात बसवण्यावर मात्र तिघांचं एकमत!

बसलो मंग आम्ही. ते दगडाच्या खाली, मी दगडाच्या बाजूला.